गुराख्याचा शब्द आणि म्हाताऱ्याचा जबाब



या अंकाचं संपादकीय पडून असलेल्या दाव्यांवर लिहायचं ठरलं होतं. ते दाव्यांवरच आहे, फक्त रत्नागिरीवरून वळसा घालून येतंय. पावसाळा संपल्यावर फुलपाडा आणि आजूबाजूच्या पाड्यांतले आम्ही चौदा जण कोकणातली कातळशिल्पं बघायला गेलो होतो. सहा बाया, पाच पोरं, तीन म्हातारे. त्यावर पाड्यात बोललं गेलं, की इकडे फायली धूळ खातात आणि कार्यकर्ते सहलीला जातात. बोलणं बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. म्हणून आधी सांगतो: संघटनेच्या वर्गणीतला एक रुपया त्यात गेलेला नाही. ज्यानं त्यानं आपल्या मजुरीतून तिकीट काढलं, भाकरी घरून बांधून नेली. वसईहून दिवा, दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर, आणि रत्नागिरीला एका शाळेच्या पडवीत झोपलो. आता तिथं काय बघितलं आणि ते आपल्या दाव्यांच्या कामाचं कसं, ते सांगतो.

कातळशिल्प म्हणजे जमिनीवर कोरलेलं चित्र. कोकणात डोंगरावर सपाट माळ असतो, त्याला तिकडे सडा म्हणतात. सगळा जांभा दगड, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा, पावसात गवतानं झाकून जाणारा. त्या दगडात हात-दोन हातांपासून ते घराएवढी चित्रं खोदलेली आहेत. मासे, कासव, पाकट, वाघ, हरीण, पक्षी, हत्ती, माणसं. काही चित्रं नुसत्या चौकोनांची आणि रेघांची, त्यांचा अर्थ कुणालाच लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सत्तरच्या वर ठिकाणी मिळून दीड हजाराच्या आसपास चित्रं सापडली आहेत. रत्नागिरी तालुक्यातलं उक्षी आणि जांभरुण, राजापूर तालुक्यातलं कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचं गोठणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशा नऊ ठिकाणांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. चित्रं किती जुनी हे पक्कं ठरलेलं नाही, पण दहा हजार वर्षं किंवा त्याच्याही मागचा अंदाज संशोधक करतात.

आम्ही उक्षीला गेलो, दुसऱ्या दिवशी कशेळीला. दाखवायला तिथलाच एक पोरगा होता, आमच्याच वयाचा, बोलायला चांगला. उक्षीला हत्ती आहे. गावानं पुढाकार घेऊन त्याच्याभोवती जांभ्या दगडाचा गोल कठडा बांधलाय, वर उभं राहून खाली बघायचं. कशेळीचा हत्ती त्याहून कितीतरी मोठा. १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. आमचा एक म्हातारा त्याच्या कडेकडेनं पावलं टाकत चालला आणि म्हणाला, एवढ्या जागेत माझ्या दोन पोरांची घरं होतील. त्या हत्तीच्या पोटात आणखी जनावरं कोरलेली आहेत, मासे आहेत, वाघ आहे. जवळ उभं राहिलं की काहीच कळत नाही, नुसत्या खाचा. लांब जाऊन, ऊन तिरपं झाल्यावर हत्ती दिसतो.

आता मुद्द्याचं. त्या पोरानं आम्हाला चित्र कसं वाचायचं ते शिकवलं. तो म्हणाला, इथं गेंडा कोरलाय. आज कोकणात गेंडा नाही. म्हणजे कोरणाऱ्यानं तो कुठंतरी बघितला असणार, तेव्हा इथलं रान आणि हवापाणी वेगळं असणार. मग म्हणाला, इथं नांगर नाही, शेत नाही, धान्य नाही. म्हणजे ही माणसं शेती करायला लागण्याच्या आधीची, शिकार करणारी, कंदमुळं आणि मासे खाणारी. खाचेची कड बघा, ती किती झिजली आहे. आम्ही मन लावून ऐकलं. जे आहे त्यावरून माणूस ओळखायचा, आणि जे नाही त्यावरूनही ओळखायचा. त्या माणसांचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, एक ओळ लिहिलेली नाही. तरी ती माणसं इथं होती यावर कुणाला शंका नाही. सरकारला नाही, विद्यापीठाला नाही, युनेस्कोला नाही.

तेव्हा आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, "ह्यांचा सातबारा कुठाय?"

सगळे हसले, तो पोरगाही हसला. पण तिनं हसण्यासाठी विचारलं नव्हतं. तिचा दावा दोनदा परत आलाय. शेरा एकच: सबळ पुरावा नाही. तिच्या सासूच्या सासूनं घातलेला बांध शेतात आहे. उंबराखाली देव आहे. खडकात कोरलेलं उखळ आहे, कांडून कांडून कोपरापर्यंत खोल गेलेलं. एका कचेरीत हे तिनं सांगितलं तेव्हा समोरच्या साहेबांनी उत्तर दिलं, की दगड काय सगळीकडेच असतात.

साथींनो, आमचं म्हणणं एवढंच आहे. रत्नागिरीच्या सड्यावरचा दगड दहा हजार वर्षांच्या माणसाची साक्ष देतो, तर फुलपाड्याच्या डोंगरावरचा दगड वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या माणसाची साक्ष का देऊ शकत नाही? आपल्याला दहा हजार वर्षं सिद्ध करायचीच नाहीत. वन हक्क कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. त्या दिवशी जमीन आपल्या ताब्यात होती आणि आपण ती कसत होतो, एवढंच दाखवायचं आहे. ७५ वर्षांची, म्हणजे तीन पिढ्यांची अट बिगर आदिवासी वननिवासींना आहे, अनुसूचित जमातीला नाही. तरी कुणी आदिवासीकडे ७५ वर्षांचा कागद मागत असेल तर त्याला कायदा उघडून दाखवा, आणि कुणी मागितला ते आम्हाला कळवा.

आणि दगडाचा पुरावा ही आपली कल्पना नाही. ती कायद्यातच लिहिलेली आहे. वन हक्काच्या नियमांत १३ वा नियम पुराव्यांचा आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, नकाशे, रेशनकार्ड, घरपट्टी, कोर्टाचे कागद हे सगळं आहे. पण त्याच यादीत घर, झोपडी, बांध, जमिनीचं सपाटीकरण आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा अशा पूर्वापार खुणा आहेत. वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब आहे. २०१२ मध्ये नियम सुधारले, तेव्हा आणखी स्पष्ट केलं की अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरायचा नाही, आणि उपग्रहाचा फोटो इतर पुराव्याच्या जोडीला चालेल, पण त्यांच्या जागी नाही. गुजरातमध्ये उपग्रहाच्या फोटोवर दावे नाकारले होते, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानंही ते फेरतपासणीला लावले. आपल्या भागात अजून "नकाशात झाडं दिसतात, शेत दिसत नाही" असं तोंडी सांगून माणसं परत पाठवतात. वरकस जमिनीवर नाचणी-वरई कोणत्या महिन्यात दिसते आणि कोणत्या महिन्यात नुसतं गवत दिसतं, हे फोटो काढणाऱ्याला कोण सांगणार?

जबाबाचं आणखी थोडं सांगायला हवं. ही कातळशिल्पं सापडली कशी, ते आम्ही मुद्दाम विचारलं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी वर्षानुवर्षं गावोगाव पायी फिरून ती शोधली. फिरताना ते लोकांना विचारत गेले. सड्यावर गुरं घेऊन जाणाऱ्याला ठाऊक असायचं, की अमक्या ठिकाणी खडकावर काहीतरी आहे. म्हणजे आज जगाच्या यादीत गेलेल्या वारशाची पहिली साक्ष गुराख्याची. त्याचा शब्द कुणी धरला, खाली वाकून गवत आणि माती बाजूला केली, आणि हत्ती निघाला. आपला म्हातारा सांगतो की माझ्या आज्यानं इथं राब भाजला, इथं माझी दोन भावंडं पुरली, ह्या वाटेनं आम्ही धान्य आणायचो. त्याच्या शब्दावर कुणी वाकून बघतं का? तो सांगतो आणि समोरचा म्हणतो, लेखी आणा. अहो, नियमच म्हणतो की त्याचं सांगणं लेखी करा, तो पुरावा आहे.

एक गोष्ट साफ करतो, नाहीतर उद्या कुणी आमच्या तोंडी काहीही घालेल. सड्यावरची चित्रं वारल्यांनी किंवा कातकऱ्यांनी कोरली असं आम्ही म्हणत नाही. कुणी कोरली ते कुणालाच ठाऊक नाही. हल्ली जो तो उठतो आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्या जातीचा करून टाकतो. आपल्याला त्याची गरज नाही. आपला हक्क कुठल्या पुराणावर उभा नाही, तो कसण्यावर आणि राहण्यावर उभा आहे. आम्ही मागतो ती एकच मोजपट्टी.

मोजपट्टी दोन आहेत हे कुठं कुठं दिसतं ते बघा. मध्य प्रदेशात भीमबेटका आहे, खडकाच्या आडोशाखाली रंगवलेली चित्रं. उज्जैनच्या वाकणकरांनी १९५७ मध्ये ती जगापुढे आणली, २००३ मध्ये ती जागतिक वारसा झाली. तो दर्जा देताना युनेस्कोनं लिहून ठेवलंय, की आजूबाजूच्या एकवीस गावांतल्या लोकांच्या चालीरीती त्या चित्रांतल्या जगण्याशी फार मिळत्याजुळत्या आहेत. म्हणजे वारसा ठरवताना तिथली आजची माणसं मोजली जातात. पण तेच रान रातापानी अभयारण्यात येतं, आणि २०२४ च्या डिसेंबरात रातापानी व्याघ्र प्रकल्प झाला. आता रान ठरवताना ती माणसं कशी मोजली जातील? आपल्याला तुंगारेश्वरचा अनुभव आहे. २००३ मध्ये अभयारण्य झालं, तेव्हापासून लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई त्याच रानात चोर झाली.

आणि आपली वारली चित्रकला. स्टेशनच्या भिंतीवर आहे, कचेरीच्या कंपाउंडवर आहे, चहाच्या कपावर आहे. माहितीच्या पाटीवर लिहिलेलं असतं, प्राचीन आदिवासी कला, हजारो वर्षांची परंपरा. त्याच कचेरीच्या आत गेलं की विचारतात, २००५ च्या आधी इथं होता याला काय आधार? भिंतीवरचा तारपा प्राचीन आहे आणि तारपा वाजवणारा मात्र अतिक्रमण करणारा.

दुसरं उदाहरण आपल्या रोजच्या लोकलच्या वाटेवरचं आहे. विरारहून कामाला जाताना कांदिवली लागते. टॉड नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्यानं तिथं नाल्याच्या काठच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारं शोधली आणि १९३९ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे मढ, मार्वे, मनोरी या बाजूंनाही बारीक गारगोटीची पाती सापडली. आज कांदिवलीला उतरून बघा. टॉवर आहेत, गाड्या आहेत. ती जागा कुठं होती हे सांगणारी पाटी आम्हाला दिसली नाही. तिथं उंच इमारती आल्या तेव्हा त्या दगडांनी कुणाला अडवलं नाही. आपल्याकडेही पापडखिंडीपासून जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चाळी कशा चढत आल्या ते आपण डोळ्यांनी बघतोय. मातीचा ट्रक येतो, बांध मोडतो, उखळाचा खडक फुटतो, आणि मग म्हणायचं पुरावा नाही. पुरावा होता. तो रात्रीत भरावाखाली गेला.

म्हणून आम्हाला बारसूचं महत्त्व वाटतं. तिथं सड्यावर माणूस कोरलाय, त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ. त्याच सड्यावर तेल शुद्धीकरणाचा कारखाना आणायचा घाट घातला गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती तपासायला यंत्रं आली, तेव्हा बाया उन्हात त्या तापलेल्या दगडावर आडव्या झाल्या. पोलीस आले, लाठ्या चालल्या, धरपकड झाली. तिथल्या लोकांनी आपल्या आंब्या-काजूच्या बागांसोबत कातळशिल्पांचाही मुद्दा लावून धरला. जमीन वाचवताना दगडही उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवलं.

पण इथं एक धोकाही आहे, तोही बोलायला हवा. दगड वाचवायच्या नावानं माणूस हाकलायची रीत आपल्या देशात नवी नाही. आज कुंपण, उद्या तिकीट, परवा "प्रतिबंधित क्षेत्र" म्हणून पाटी, आणि गुरं घेऊन जाणारा पोरगा बाहेर. उक्षीचं आम्हाला आवडलं ते याचसाठी. तिथं कठडा गावाच्या पुढाकारानं झाला, दाखवणारा गावचा होता. वारशाचा राखणदार तिथं राहणाराच असला पाहिजे. आपल्याही कायद्यात कलम ५ आहे: वन, वन्यजीव आणि आपला सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा राखायचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. हे कलम आपण फार कमी वापरतो.

आणखी एक प्रश्न दर बैठकीत येतो. आपण महानगरपालिकेत आलो, २००९ पासून वसई-विरार शहर झालं, मग आपल्याला वन हक्क आहे का? कायद्यात वनजमिनीची व्याख्या वनक्षेत्रावर आहे, पालिकेच्या हद्दीवर नाही. शहराची हद्द वाढली म्हणून डोंगरावरचं वन वन राहिलं नाही असं होत नाही. वनखातं तरी तसं मानत नाही, ते नोटीस पाठवतंच. त्यांना नोटीस पाठवायला जे वन आहे, तेच आपल्याला दावा करायलाही वन आहे.

तर आता काम. रत्नागिरीहून परत येताना पॅसेंजरमध्येच आम्ही ठरवलं, आणि त्या म्हाताऱ्यांनीच जास्त जोर लावला. त्या पोरानं आम्हाला जसं सड्यावर फिरवलं, तसं आपणही आपल्या पाड्यातून फिरायचं. वनहक्क समितीला सोबत घेऊन. पाहणीच्या आधी वनखात्याला आणि तलाठ्याला लेखी कळवायचं, पोच घ्यायची. ते आले तर पंचनाम्यावर त्यांची सही आणि हुद्दा घ्यायचा. कळवूनही आले नाहीत तर पोच फाइलला लावायची आणि तसं पंचनाम्यात लिहायचं.

काय बघायचं? सगळ्यात आधी बांध. कुठून कुठपर्यंत, किती पावलं, किती उंच, दगड रचलेला की मातीचा, त्यावर उगवलेलं झाड केवढं. लावलेल्या झाडाचा, म्हणजे आंबा, चिंच, ताड यांचा घेर छातीच्या उंचीवर दोरीनं मोजायचा. जुनी विहीर, झरा बांधून काढलेला असेल तर तो. खडकातलं उखळ, त्याची खोली. पडक्या घराची जोती, चुलीचे काळे झालेले दगड. वाघदेवाची जागा, गावदेव, हिरव्याची जागा, पूर्वजांचे वीर. पुरण्याची जागा लिहिताना मात्र घरच्या माणसांना विचारूनच लिहा, फोटो त्यांनी हो म्हटलं तरच. प्रत्येक खुणेपाशी त्या खुणेबद्दल माहीत असणारा जाणता माणूस उभा करायचा आणि त्याचं बोलणं त्याच्याच शब्दात उतरवायचं. शुद्ध करायला जाऊ नका. तो "नाय" म्हणाला तर "नाय" लिहा. खाली अंगठा किंवा सही, दोन साक्षीदार. स्वतःच्या दाव्यासाठी स्वतःचा जबाब चालत नाही, शेजारच्या दावेदाराचा घ्या आणि त्याला तुमचा द्या, पण दोघांच्या जबाबाची भाषा एकसारखी ठेवू नका. एकाच छापाचे पंचवीस जबाब बघितले की वरचा साहेब फाइल बाजूला टाकतो, आणि त्यात त्याची चूक आहे असं म्हणता येत नाही.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा. तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे. लेखी नकार मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं, म्हणून कागद हातात आला ती तारीख लिहून ठेवा. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं नाकारलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला होता आणि पंधरा दिवसांत तो स्थगित केला, ते आठवतं ना? तेव्हा देशभर किती घरांत रात्री चूल पेटली नव्हती. नाकारलेला दावा तसाच पडून ठेवायचा नाही, तो याचसाठी.

त्या बाईचा दावा आम्ही पहिला घेतलाय. उखळाची खोली मोजली, साडेसोळा अंगुळं भरली. तिच्या सासूच्या वयाच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब झालेत, तिसरा राहिलाय, ती लेकीकडे वाड्याला गेली आहे. अपिलाचे एकवीस दिवस उरलेत.

प्रत्येक पाड्याला एक दोनशे पानी वही आणि मोजायची दोरी दिली आहे. ज्यांच्याकडे पोचली नाही त्यांनी रविवारच्या बैठकीला येऊन घेऊन जावी. मोबाइलमध्ये फोटो काढणारा एक तरी पोरगा किंवा पोरगी प्रत्येक पाड्यातून हवी, फोटोत शेजारी माणूस उभा करायला विसरू नका, म्हणजे उंची कळते. सुरुवात पापडखिंडीच्या वरच्या अंगाच्या शेतांपासून करतोय, कारण तिथं भरावाचे ट्रक जास्त येतात.